युएसएस इंग्लंड (डीई 635): शिक्क्यात जहाजाचं नावच नाही, मग पाकीट त्याच जहाजाचं कशावरून?

विश्रामबागकर, सांगली

नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन एस्कॉर्ट, म्हणजे ताफ्याची राखण करणाऱ्या जहाजांची पाकिटं या विषयावर प्रदर्शनात एक फ्रेम, म्हणजे 16 पानं, लावायची आहेत. केंद्रस्थानी युएसएस इंग्लंड (डीई म्हणजे डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट), मे 1944 मध्ये बारा दिवसांत सहा जपानी पाणबुड्या बुडवणारी. परदेशातल्या एका विक्रेत्याकडे चार पाकिटांचा लॉट आहे, सगळ्यांचे मिळून 160 डॉलर मागतोय. पैसे अजून दिलेले नाहीत. स्कॅनवरून वर्णन देतो.

पाकीट 1: साधं पांढरं. तिकीट नाही, उजव्या कोपऱ्यात हाताने "फ्री". गोल शिक्क्यात फक्त "यू. एस. नेव्ही" आणि 24 मे 1944. डाव्या बाजूला चौकोनी सेन्सॉर शिक्का, त्यात आद्याक्षरं. पाठवणारा सीमन फर्स्ट क्लास, पत्त्यात जहाजाचं नाव, डीई 635 आणि फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को.

पाकीट 2: 6 सेंटचं लाल विमानटपाल तिकीट, जून 1945, शिक्का बिननावाचाच. प्रेषकाचा पत्ता निळ्या शाईत, मुख्य पत्ता काळ्या शाईत.

पाकीट 3: 10 डिसेंबर 1943, सॅन फ्रान्सिस्को शहराचा शिक्का, 3 सेंटचं तिकीट. डावीकडे छापील कॅशे, म्हणजे पाकिटावरची सजावट: जहाजाचं चित्र, खाली सहा पाणबुड्यांच्या आकृत्या, "कमिशनिंगचा पहिला दिवस".

पाकीट 4: 1965, शिक्क्यात स्पष्ट "यूएसएस इंग्लंड". विक्रेता म्हणतो, हेच सगळ्यात भारी, कारण नाव शिक्क्यातच आहे.

प्रश्न असे: बिननावाचा शिक्का चालतो का? यातलं घ्यायचं काय? आणि शिक्क्याचा प्रकार पानावर कसा लिहायचा? शिक्क्यांचे प्रकार लावायच्या लोसी पद्धतीबद्दल ऐकलंय, पण तिचा तक्ता वाचता येत नाही.

---

टपालवेडा, सातारा

आधी मूळ मुद्दा. युद्धकाळातल्या पाकिटावर जहाजाचं नाव नसणं हा दोष नाही, तीच त्या काळची रीत. पर्ल हार्बरनंतर अमेरिकन नौदलाने जहाजांच्या शिक्क्यांतून नावं काढायला लावली. कुठलं जहाज कधी कुठे होतं, हे टपालावरून शत्रूला कळू नये म्हणून. कुठे जुन्या शिक्क्यातलं नाव तासून काढलं, कुठे "यू. एस. नेव्ही" एवढंच असलेला नवा शिक्का आला. म्हणून इंग्लंडचं 1944 चं पाकीट शिक्क्यात नाव घेऊन समोर आलं, तर आधी संशय घ्यायचा.

जहाज ओळखायचं ते प्रेषकाच्या पत्त्यावरून. अमेरिकन नौदलात खलाशाला पत्त्यात जहाजाचं नाव लिहायची मुभा होती, लपवायचं ते ठिकाण. सॅन फ्रान्सिस्को लिहिलंय म्हणजे जहाज पॅसिफिकच्या टपालावर, न्यूयॉर्क लिहिलंय म्हणजे अटलांटिकच्या. एवढाच अर्थ घ्यायचा, जहाज त्या शहरात होतं असं नाही.

आता तुमची पाकिटं, उलट्या क्रमाने.

पाकीट 4 सोडून द्या. ते जहाजच वेगळं. डीई 635 ही 15 ऑक्टोबर 1945 ला सेवेतून निघाली आणि 1946 मध्ये भंगारात विकली गेली. 1965 चं इंग्लंड म्हणजे डीएलजी 22, क्षेपणास्त्रं वाहणारं मोठं जहाज, 7 डिसेंबर 1963 ला सेवेत आलेलं. त्या वर्गाला तेव्हा अमेरिकेत फ्रिगेट म्हणत आणि फ्रिगेट म्हणजे एस्कॉर्टच असं समजून विक्रेते दोन्ही एकाच डब्यात टाकतात. शोधताना नुसतं "इंग्लंड" टाकलंत तर विलायतेची अख्खी पोस्टखाती अंगावर येतील. "डीई 635", "डीई-635" आणि जोडून "डीई635" अशा तिन्ही पद्धतींनी शोधा.

पाकीट 3 चा शिक्का आणि तारीख ठीक. जहाज खरंच 10 डिसेंबर 1943 ला सॅन फ्रान्सिस्कोत सेवेत दाखल झालं. पण त्या दिवशी कॅशेवर सहा पाणबुड्या आल्या कुठून? पहिली पाणबुडी बुडाली 19 मे 1944 ला, सहावी 31 मे ला. म्हणजे कॅशे नंतर छापलाय. पाकीट खोटं नसेल, सजावट मागाहूनची आहे. तशी विकली तर हरकत नाही, पण किंमत साध्या शिक्क्याची.

पाकीट 1 बद्दल मला शंका आहे. 24 मे ला जहाज भर समुद्रात होतं, त्याच दिवशी आरओ-116 ही पाणबुडी बुडवली. पत्र टपालात पडणार कसं?

---

जुनेकागद, वाई

टपालवेडा, 3 आणि 4 बद्दल शंभर टक्के मान्य. पाकीट 1 मात्र इतक्या झटकन बाद करू नका. "टपालात पडलं" म्हणजे काय, ते आधी ठरवायला हवं.

जहाजावर स्वतःचं टपाल कार्यालय असेल तर मेल क्लार्क समुद्रातही शिक्का मारतो. तारीख जहाजावरची. पिशवी मात्र पुढच्या बंदरात किंवा भेटलेल्या जहाजावर उतरते. इंग्लंड, जॉर्ज (डीई 697) आणि रेबी (डीई 698) ही तिघं 18 मे ला सॉलोमन बेटांतल्या पर्व्हिस बे मधून निघाली. 19 ला आय-16, 22 ला आरओ-106, 23 ला आरओ-104, 24 ला आरओ-116, 26 ला आरओ-108. मग 27 च्या सुमारास दारूगोळा भरायला मानुस बेटावरच्या सीअॅडलर बंदरात. तेव्हा 24 तारखेचा शिक्का असलेलं पत्र 27 ला खाली उतरणं अगदी शक्य.

अशक्य कधी? शिक्का किनाऱ्यावरच्या कार्यालयाचा असेल तेव्हा. मशीनच्या शिक्क्यात शेजारी लांब नागमोडी किंवा सरळ रेघा येतात, अगदी एकसारख्या दाबाच्या. तो एस्कॉर्टवर मारलेला नसतो. किनाऱ्यावरच्या तळांना आकडे दिलेले होते, उदाहरणार्थ नेव्ही 128 म्हणजे पर्ल हार्बर. तसा आकडा शिक्क्यात असेल आणि जहाज त्या दिवशी तिथे नसेल, तर गडबड. म्हणून विश्रामबागकर, आधी एवढं सांगा: शिक्का हाताचा की मशीनचा? रेघा किती? दाब एकसारखा आहे का?

आणि एक. "फ्री" पाकीट बनवायला सगळ्यात सोपं, कारण शिक्का तिकिटावरून कागदावर उतरलाय का ही तपासणीच करता येत नाही. 1 एप्रिल 1942 पासून सैनिकांचं साधं टपाल मोफत होतं, त्यामुळे अशी पाकिटं ढिगाने आहेत. कुठल्याही अनाम जहाजाचं स्वस्त पाकीट घ्यायचं, कोपऱ्यात नामांकित जहाजाचा पत्ता लिहायचा, की किंमत दसपट. शिक्का खरा, सेन्सॉर खरा, फक्त पत्ता खोटा. या क्षेत्रातली फसवणूक बहुतेक वेळा इथेच असते, शिक्क्यात नाही.

त्यावर इलाज आहे. अमेरिकन राष्ट्रीय अभिलेखागाराने 1938 ते 1949 च्या नौदलाच्या मस्टर रोल, म्हणजे खलाशांच्या हजेरी याद्या, खुल्या केल्या आहेत. प्रेषकाचं नाव, हुद्दा आणि तारीख त्या यादीशी जुळवा. मे 1944 मध्ये तो सीमन फर्स्ट क्लास होता की सेकंड, हेही त्यात दिसतं. बढतीच्या आधीच नवा हुद्दा लिहिलेला आढळला तर पत्ता बहुधा मागाहून रचलेला. सेन्सॉर करणारा मात्र ऑफिसर, आणि मस्टर रोल फक्त खलाशांच्या असतात. त्याची आद्याक्षरं जुळवायला डेक लॉग बघावे लागतात, महिन्याच्या सुरुवातीच्या पानावर सहसा ऑफिसरांची यादी असते. युद्ध डायऱ्याही त्याच संकेतस्थळावर आहेत, जहाज रोज कुठे होतं ते त्यातून काढा.

---

विश्रामबागकर, सांगली

दोघांचेही आभार. स्कॅन मोठा करून पाहिला. पाकीट 1 चा शिक्का हाताचा दिसतो: थोडा तिरका, वर्तुळाची खालची डावी कड फिकट, उजवीकडे चार आडव्या रेघा, त्यांच्यात मजकूर नाही. आकडा कुठेच नाही. सेन्सॉरची आद्याक्षरं वेगळ्या, जांभळट शाईत. प्रेषकाचा पत्ता आणि मुख्य पत्ता एकाच हातचा, एकाच शाईचा वाटतो.

पाकीट 2 मध्ये प्रेषकाच्या पत्त्याची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची आहे. मुख्य पत्त्यात मात्र जाड-बारीक होते.

---

जुनेकागद, वाई

पाकीट 1 चं पारडं जड झालं. आता नाव मस्टर रोलमध्ये सापडलं की घ्या. बाकी लॉटचा आग्रह विक्रेत्याने धरला तर धरू दे, एकट्या पाकिटाची किंमत विचारा.

पाकीट 2 मध्ये तुम्हीच उत्तर दिलंत. एकाच जाडीची रेघ म्हणजे बॉलपेन. मुख्य पत्ता टाकाच्या किंवा फाउंटन पेनच्या निबाने लिहिलाय, म्हणून जाड-बारीक. अमेरिकेत बॉलपेन दुकानात विकायला आलं ते 29 ऑक्टोबर 1945 ला, न्यूयॉर्कमध्ये. जून 1945 च्या पाकिटावर ते कसं येईल? 10 पट भिंगाखाली बघितलं तर बॉलपेनच्या रेघेत मध्ये खोबण आणि कुठे कुठे शाईचा गोळा दिसतो. निबाच्या रेघेला दोन्ही कडांना शाई साचते. पण लगेच लबाडीचा शिक्का मारू नका. घरच्यांनी नंतर आठवण म्हणून जहाजाचं नाव लिहून ठेवलं असंही होतं. काही झालं तरी इंग्लंडचा पुरावा म्हणून ते चालत नाही.

तिकिटाचा दर मात्र बरोबर आहे. नागरिकांसाठी विमानटपाल मार्च 1944 मध्ये 6 वरून 8 सेंट झालं, सैनिकांसाठी 6 सेंटच राहिलं. 1945 मध्ये जहाजावरून आलेल्या साध्या विमानपत्रावर 8 सेंट दिसले, तर पाठवणारा खलाशी नसावा. कालक्रमाचा विचार केला तर जहाजावर 9 मे 1945 ला ओकिनावाजवळ आत्मघाती विमान आदळलं, फिलिपिन्समधल्या लेतेला तात्पुरती डागडुजी करून ते जुलैत फिलाडेल्फियाला पोचलं. जूनमधलं पत्र त्या परतीच्या वाटेवरचं धरावं लागेल, तसं ते असतं तर फार मोलाचं झालं असतं. म्हणूनच कुणाला तरी तो मोह झाला असावा.

इतर कालविसंगतीही पटकन बघून घ्या. तिकीट शिक्क्याच्या तारखेनंतर निघालेलं नाही ना? निळं 3 सेंटचं नौदलाचं तिकीट 27 ऑक्टोबर 1945 चं, ते 1944 च्या पाकिटावर शक्यच नाही. पत्त्यात पाच आकडी पिनकोड असेल तर तो जुलै 1963 नंतरचा. उलट मोठ्या शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर बरं लक्षण, ते मे 1943 पासून सुरू झाले. पाकिटामागे पोचल्याचा शिक्का नाही म्हणून घाबरू नका, साध्या पत्राला तो सहसा मारतच नसत.

---

टपालवेडा, सातारा

माझी शंका मागे घेतो, हाताच्या शिक्क्याचा मुद्दा बरोबर आहे.

अतिनील दिव्याचं राहिलं. 365 नॅनोमीटरचा छोटा टॉर्च मिळतो. अंधारात पाकिटावर धरा. पन्नाशीच्या दशकापासून कागदात चकाकी आणणारी रसायनं येऊ लागली, असा कागद निळसर-पांढरा झळकतो. 1944 चा कागद मंद, पिवळट किंवा तपकिरी दिसतो. मात्र पाकीट धुतलेल्या कापडाला घासलं असेल तर साबणातली चकाकी त्यालाही लागते, म्हणून एका ठिपक्यावरून निकाल देऊ नका, आतली बाजू बघा. सेन्सॉरचा शिक्का आणि प्रेषकाचा पत्ता एकमेकांना छेदत असतील तर तिथे भिंग लावा. पत्त्याची रेघ शिक्क्याच्या वरून गेली असेल तर पत्ता नंतरचा. सेन्सॉर नेहमी लिहून झाल्यावर.

लोसी पद्धत डॉ. फ्रान्सिस लोसी यांनी बसवली आणि 1932 मध्ये स्थापन झालेल्या युनिव्हर्सल शिप कॅन्सलेशन सोसायटीने ती पुढे चालवली. आकडा म्हणजे शिक्क्याचा मूळ आकार, त्यापुढे अक्षरं. "आर" म्हणजे रबराचा शिक्का, "झेड" म्हणजे बिननावाचा युद्धकालीन. तक्त्याकडे जाण्याआधी चार गोष्टी मोजून लिहून ठेवा: वर्तुळ एकेरी की दुहेरी, व्यास मिलिमीटरमध्ये, रेघा किती आणि त्यांच्यात मजकूर आहे का, वर्ष चार आकडी की दोन आकडी. तारखेच्या ओळीत सकाळ-दुपार दाखवली आहे का तेही. मग सोसायटीच्या ऑनलाइन नेव्हल कव्हर म्युझियममध्ये इंग्लंडचं पान काढा, जहाजवार चित्रं लावलेली आहेत. शेजारी ठेवून जुळवून बघा. स्कॅनवरून व्यास मोजताना विक्रेत्याला पाकिटाशेजारी पट्टी ठेवायला सांगा, नाहीतर एक-दोन मिलिमीटरचा फरक हमखास पडतो आणि प्रकार चुकतो.

---

कृष्णाकाठ, सांगली

पाकीट घेण्याइतकंच ते टिकवणं महत्त्वाचं, त्यातून आपलं गाव नदीकाठचं. 2019 आणि 2021 चं पाणी सगळ्यांना माहीत आहे. अल्बम तळमजल्यावर नको, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात तर नकोच नको. पूर आला नाही तरी जुलै ते सप्टेंबरची हवा पुरेशी आहे.

युद्धकाळातला कागद लाकडाच्या लगद्याचा, हलका आणि आम्लयुक्त. त्याला दोन शत्रू: दमट हवा आणि वाईट प्लास्टिक. दमटपणात तांबूस ठिपके येतात, कसर लागते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाकिटाची झाकणपट्टी आपोआप चिकटते. झाकणपट्टीच्या आत आम्लविरहित कागदाची पट्टी सरकवून ठेवा. चिकटली तर वाफ देऊन उघडायला जाऊ नका, निबाची शाई पसरते.

पाकिटासाठी पॉलिएस्टरची पिशवी घ्या. बाजारात मिळणाऱ्या फाइलच्या पिशव्यांत पीव्हीसी असतं, ते काही वर्षांत चिकट होऊन शिक्क्याची शाई ओढून घेतं. ओळखायचं असेल तर पिशवीचा तुकडा कापा, तांब्याची तार तापवून त्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे अंगणात करा, धूर वाईट असतो. नव्या रेक्झिनसारखा वास येत असेल तर तारेचीही गरज नाही.

आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवायचा प्रयत्न करा, छोटा आर्द्रतामापक डब्यातच ठेवा. 20 लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात 50 ग्रॅमच्या दोन सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला बघायच्या. नारिंगी रंगाची घ्या, निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं. रंग बदलला की 110-120 अंशांवर तासभर तापवून पुन्हा वापरता येते, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. पुडी पाकिटाला टेकू देऊ नका, एकाच जागी कागद फार कोरडा होऊन कुरकुरीत होतो. डांबरगोळ्या आणि सेलोटेप या दोन गोष्टी घरातल्या कपड्यांसाठी आणि पार्सलसाठी ठेवा. लॅमिनेशनचं तर नावही काढू नका. आणि "फ्री" पाकिटाच्या कोपऱ्यात रिकामी जागा दिसते म्हणून तिथे तिकीट चिकटवून "पूर्ण" करणारे महाभाग आहेत, त्यांच्यापासूनही जपा.

---

जुनेकागद, वाई

प्रदर्शनाच्या पानांबद्दल थोडं. एका जहाजाची 16 पानं केवळ इंग्लंडवर भरणं अवघड आणि महाग. एस्कॉर्ट डिव्हिजन 39, म्हणजे इंग्लंड ज्या तुकडीत होतं ती, हा विषय घ्या. जॉर्ज, रेबी आणि त्याच वर्गातलं स्पँगलर (डीई 696) यांची पाकिटं तुलनेने स्वस्त, आणि ती जहाजं युद्धानंतरही सेवेत राहिल्यामुळे नाव असलेले शिक्केही मिळतात. त्याने "बिननावाचा" आणि "नावाचा" असा फरक एकाच पानावर डोळ्यांना दिसतो, परीक्षकाला समजावून सांगावा लागत नाही.

एका पानावर दोनच पाकिटं. मागची बाजू दाखवायची असेल तर छायाप्रत मूळ आकारापेक्षा किमान 25 टक्के लहान किंवा मोठी करा, नाहीतर ती मूळ असल्याचा गैरसमज होतो आणि गुण कापले जातात. पाणबुड्या, हेजहॉग हे पाणबुडीविरोधी अस्त्र, त्याचा 24 गोळ्यांचा मारा वगैरे दोन ओळींत संपवा. मुख्य मजकूर दराचा, मार्गाचा आणि शिक्क्याचा. पाकीट 1 खाली असं लिहिता येईल: "मोफत टपाल, जहाजावर मारलेला हाताचा शिक्का, जहाजाचं नाव सुरक्षेसाठी वगळलेलं, 24 मे 1944 ला जहाज समुद्रात, टपाल 27 मे नंतर मानुस येथे उतरलं असावं." "असावं" हा शब्द ठेवा. परीक्षक तो बघतात.

---

टपालवेडा, सातारा

थोडं विषयांतर. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतल्या ट्रंकांमध्ये त्याच वर्षांची फौजेची पत्रं निघतात. कोणी "जहाजाचं पत्र" म्हणून आणलं तर आधी शिक्का बघा. "फील्ड पोस्ट ऑफिस" आणि आकडा असेल तर ते लष्कराच्या टपाल व्यवस्थेतून आलंय, जहाजाचं म्हणून विकत घेऊ नका. तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीच्या जमना, सतलज, नर्मदा या स्लूप, म्हणजे छोट्या लढाऊ जहाजांची पत्रं ओळखणं अमेरिकन पाकिटांपेक्षा कठीण, कारण ब्रिटिश पद्धतीत शिक्क्यात "मेरिटाइम मेल" एवढंच येतं आणि जहाजाचं नाव कुठेच नसतं. आतलं पत्र शाबूत असेल तरच काही हाती लागतं, म्हणून पाकिटातलं पत्र कधीही वेगळं काढून विकू नका.

---

विश्रामबागकर, सांगली

मस्टर रोलमध्ये नाव सापडलं. एप्रिल 1944 च्या यादीत सीमन सेकंड, जूनच्या यादीत फर्स्ट क्लास. बढतीची नेमकी तारीख अजून मिळाली नाही, मेच्या बदलांचा अहवाल शोधतोय. विक्रेता पाकीट 1 एकटं द्यायला तयार आहे, 70 डॉलर म्हणतो.

---

जुनेकागद, वाई

बढती मेच्या 24 च्या आत झालेली असेल तर 70 ला घ्या. नंतरची निघाली तर सोडा, पत्ता कितीही एकाच शाईचा असला तरी. घेतलंत तर जाड पुठ्ठ्यांमध्ये, नोंदणीकृत टपालाने मागवा आणि सीमाशुल्काच्या जाहीरनाम्यावर मालाच्या वर्गाच्या क्रमांकासह "संग्रहासाठी वापरलेलं टपाल पाकीट, शीर्षक 9704" असं लिहायला सांगा. नुसतं "जुने कागद" लिहिलं तर सीमाशुल्काकडे पाकीट उघडून बघतात, आणि ती झाकणपट्टी पहिल्यांदा तिथेच फाटते.